बर

भोसरीत, जे ब्लॉकमध्ये, दुसऱ्या पाळीला
मी राखाडी पीठ भरते.

कागदोपत्री त्याचं नाव मीडिया.
निजामपूरकर पीठच म्हणतात.
थंड असताना हट्टी, बोटांना न सोडणारं,
आत सिलिकॉन कार्बाइडची कच,
इतकी बारीक की नखाखाली राहून जाते
आणि रात्री केस सोडताना टाळूला कळते.

खाली एक सिलिंडर, वर एक,
मध्ये फिक्स्चरमध्ये आवळलेली पंपाची बॉडी.
तिच्या पोटात दोन भोकं, एकमेकांना आडवी जाणारी,
आणि ती भेटतात तिथे
ड्रिलनं मागे सोडलेली कड.
बर.
केसाएवढा. पण सुटला तर इंजिनाच्या घशात.

साठ बार. खालून वर, वरून खाली.
बैल रवंथ करतो तितक्या सावकाश
पीठ त्या अंधारात जातं, येतं.
रुंद असेल तिथे नुसतं सरकतं.
अडतं तिथेच घासतं.

निजामपूरकरांची तीस वर्षं ह्या एका कडेवर गेली.
तांबट आळीतला माणूस, कान ठोक्यांवर तयार झालेले,
पण हातात सुईकानस, दातांच्या डॉक्टरचा आरसा
आणि सायकलची तार वाकवून स्वतः केलेलं एक हत्यार
ज्याला नाव नाही.
दिवसाला चाळीस नग.
मशीन आलं तेव्हा खंडेनवमीला हार त्यांनीच घातला.
मग साहेबांनी त्यांना तपासणीच्या टेबलाशी बसवलं,
म्हणजे खुर्ची दिली आणि काम काढून घेतलं.

"निजामपूरकर, बर गेला का?"
"बरं चाललंय."
आमचा रोजचा विनोद.
आता त्यालाही धार राहिलेली नाही.

बुधवारची रात्र. उद्या गुरुवार, सुट्टी,
लॉट आजच निघायला हवा.
हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून फिरते
आणि आकडा पॉइंट सहावर अडून बसतो.
पाहिजे पॉइंट दोन.
बारा फेऱ्या. अठरा. चोवीस.
दाब वाढवला, तापमान पाहिलं,
पडद्यावर सगळं हिरवं,
चाकणहून सुपरवायझरचा तिसरा फोन.

निजामपूरकर उठले. चष्मा टेबलावरच राहिला.
चिमूटभर पीठ घेतलं, कानाशी नेलं,
अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळत राहिले,
नाणं खोटं आहे का ऐकावं तसे.
"मेलंय," म्हणाले.
"कच बोथटली, खामकर. ह्यानं इतके बर खाल्ले
की आता पिठापेक्षा लोखंडच जास्त."

रजिस्टरमध्ये हे लिहायला रकाना नव्हता.
जुनं पीठ उपसलं. दोन बादल्या नवं भरलं.
उपसताना दोघांच्याही कोपरांपर्यंत राखाडी.

एक वाजायला वीस मिनिटं असताना
पॉइंट दोन.
हवा मारून, धुऊन, त्यांनी तो नग ट्यूबलाइटकडे धरला,
एक डोळा मिटला.
मीही बघितलं.
उजेड एका भोकातून आत शिरला
आणि वळणावर कुठेही न अडखळता दुसऱ्यात गेला.

"एवढं आतलं कोण बघणार?" मी म्हटलं.
"तेल बघेल."

टाकाऊ पीठ पिंपात होतं.
जाता जाता मी त्यावर अंगठा दाबला,
ठसा छान उमटला, रेषान् रेष.
फिक्स्चर पुसून परत आले
तर पीठ आपल्या आपण वाहून सपाट झालेलं.

गेटवर हजेरीचं यंत्र.
निजामपूरकरांनी अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा, बाईचा आवाज म्हणाला.
शर्टाला पुसून पुन्हा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
वॉचमननं न बोलता वही पुढे केली,
त्यांचं पान उघडंच होतं, सवयीनं,
आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता.

मग मी माझा ठेवला.
धन्यवाद, म्हणाली.